इळीनं चिरलेले आवळे

आये, नातीला समोर बसवून हे लिहून घेतीया. मला लिहिता येत न्हाई, तुला वाचता येत नव्हतं. तुला जाऊन बारा वर्षं झाली, आता तरी मधे बोलू नको.

कागलच्या त्या औषधी वाळवायच्या शेडात तू चुलीपाशी बसायचीस. आवळा उकळत्या पाण्यात टाकायचा, अंगावरच्या रेघा उकलेपर्यंत; मग बोटानं दाबलं की फोडी आपसूक सुट्या. इळी लावायची न्हाई, लोखंडानं आवळा काळा पडतो. हे शिकवलंस कसं? मी चार पोरांची आई, आणि आवळे जरा लवकर उपसले म्हणून सगळ्या बायांदेखत ओल्या हातानं थोबाडीत दिलीस. "हिला अजून उकळी कळत न्हाई, आणि सासू व्हायला निघालीया!" बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

मग मालकानं गरम हवेचा ड्रायर आणला. मला वाटलं, आता म्हातारीची चूल गेली. तू जेवायला गेलीस तेवढ्यात मी पाटीभर आवळे कच्चेच घरनं आणलेल्या इळीवर चिरले आणि तुझ्या ट्रेखालच्या ट्रेत पसरले. मशीनला काय कळतंय, म्हटलं. आवळ्याला कळलं. ट्रे बाहेर आले तर तुझ्या फोडी पिवळट, कुरकुरीत. माझ्या काळ्या, चिवट, आतनं ओल्याच. मालक वरडला, "म्हातारे, हे काय करून ठेवलंस?"

तू एक काळी फोड उचललीस. इळीच्या कापावरून अंगठा फिरवलास. माझ्याकडं बघितलंस.

"माझंच चुकलं, मालक. नजर गेली माझी."

दुसऱ्या दिवसापासून तू घरी, चुलीपाशी मी.

शिव्या दिल्या असत्यास तर फिटलं असतं. पण मी घरात "आये, ती इळी..." म्हटलं, की तुझं ठरलेलं, "भाकरी करपतीया, बघ." मरेपर्यंत बोलू दिलं न्हाईस. एवढी हट्टी बाई मी दुसरी बघितली न्हाई, आरसा सोडून.

शेडातल्या बाया अजून माझ्याकडं बघून म्हणतात, "उकळी असावी तर मावशीची! हिच्या आईनं मात्र एकदा माल काळा केलता." मी त्यांच्यासंगं हसते.

नातीचा हात थांबलाय. "आजी, खरं हाय हे?"

"व्हय की."

"मग उद्या त्या बायांना वाचून दाखवू?"

नको. घडी घाल, पोरी, आणि तांदळाच्या डब्यात ठेव. उद्या बी त्या म्हणतील, आये, आणि उद्या बी मी हसणार.