खिडकी नावाची वेल

३ सप्टेंबर

दोनच घड. पण काय घड!

सकाळी शेवटच्या ओळीत गेले तेव्हा काही आशा नव्हती. नव्या द्राक्षवेलीचं पहिलं फळ म्हणजे बारीक, आंबट, सालीला कडवट — ठरलेलं. एक मणी तोंडात टाकला आणि तिथेच उभी राहिले. साल दाताखाली काटकन तुटली. आधी गोड, मग जराशी आंबट, मग पुन्हा गोड. ब्लेडने काही मणी उभे चिरून पाहिले. बी नाही! नुसती एक मऊ पांढरी खूण, जिभेला कळणारही नाही अशी.

एक घड प्रयोगशाळेत ठेवला, दुसरा रुमालात गुंडाळून घरी आणला, नवऱ्यासाठी.

त्याला आता डाव्या बाजूने चावता येतं. उजवी बाजू अजून झोपलेलीच. मी एकेक मणी भरवला. त्याने डोळे मिटून घेतले. किती वेळ चघळत होता. मग म्हणाला, "खिडकी."

मी उठून खिडकी उघडली. नाही, नाही — मान हलवली. मग लावली. "खिडकी!" आता रागावून. मेंदूला झटका आल्यापासून हवा तो शब्द हाताला लागत नाही, जो लागतो तो बाहेर पडतो. आणि चुकतोय हे त्याला कळतं, हेच तर वाईट. मी मणी पुढे धरला — "ही? ही खिडकी?" आणि तो हसला! इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा. तोंड वाकडं झालं, पण हसला.

काय म्हणायचं असेल त्याला? ठेव? फेक? थांब जरा? कोण जाणे.

५ सप्टेंबर

कामावर सगळे त्या वेलीला खिडकी म्हणायला लागले. मीच सांगितलं ना. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

२१ सप्टेंबर

आज एक पाहुणे आले होते बाग बघायला. नेहमीचा प्रश्न — "बीच नाही, मग हिची पोरं होतात कशी?" नेहमीचं उत्तर मी दिलं. बी नसतं असं नाही. बी धरतं, आणि मणी हिरवा असतानाच आत मरतं. ते मरायच्या आधी आम्ही मणी फोडतो, तो कण काढतो आणि बाटलीत वाढवतो. पाहुणे म्हणाले, "म्हणजे इस्पितळच की!" हसले मी.

पण हे सांगणारा नेहमी तो असायचा. फुलांवर पराग लावायचं काम त्याचं, बाटल्यांचं माझं. मग रोपं बागेत गेली की भांडणं सुरू. तो लाल रंगाचा डबा घेऊन ओळीतून चालायचा आणि नको त्या वेलीवर पट्टा ओढायचा. मी मागून — "हिला एक वर्ष देऊ ना अजून." तो — "तू काय अनाथाश्रम काढलायस?" शेकड्यांनी वेली काढल्या त्याने. डोळ्यांत पाणी कधी नाही. "शेतकरी तीन वर्षं वाट बघणार हिच्यासाठी. त्याचं वाटोळं करायचा हक्क आपल्याला नाही," एवढंच म्हणायचा.

आता रंगाचा डबा माझ्या कपाटात आहे. उघडलेला नाही.

१० नोव्हेंबर

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. चित्रं दाखवतात. कप — "खिडकी". मांजर — "मांजर"! आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "या कोण?" तो कितीतरी वेळ बघत राहिला. म्हणाला, "ताई."

इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी ताई! हसले, बाईंना चहा विचारला, आणि आत जाऊन नळ मोठा सोडला.

२६ डिसेंबर

गेला. सकाळी. मी त्याचं तोंड पुसायचं फडकं पिळत होते.

९ जानेवारी

लेक अजून इथेच आहे. बापाचा जुना कोट घालून घरभर फिरते. बाह्या हाताच्या बाहेर लोंबतात. तिला म्हटलं, दुमडून घे. तर म्हणाली, "राहू दे गं."

आज आमच्या संशोधन केंद्राचे संचालक भेटायला आले. त्यांचा हात धरून बराच वेळ बसले — म्हणजे त्यांनी माझा धरला होता, मला सोडवेना. म्हणाले, "ती शेवटच्या ओळीतली वेल उत्तम निघाली तर सरांच्या नावाने बाजारात आणायची. माझा शब्द." लेक ढसाढसा रडायला लागली. तिला द्राक्षातलं ओ की ठो कळत नाही. ती घरांचे नकाशे काढते. पण बापाचं नाव कळतं.

मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही हवं होतं ते.

१ सप्टेंबर

खिडकी लगडली आहे! कालच्या पावसात शेजारच्या वेलींचे मणी चिरले, हिचा एकही नाही. जो येतो तो खातो आणि गप्प होतो. संचालक तर खोकीच मोजायला बसले.

मी एक मणी खाल्ला. दुसरा खाववला नाही.

१९ ऑक्टोबर

शीतगृहातून खोकी काढली. लांबच्या बाजारात जायचं तर घडाने इतके आठवडे थंडीत काढायलाच हवेत. वरून सुरेख — देठ हिरवा, मणी टवटवीत. मी घड देठाला धरून उचलला.

मणी गळले. सगळे. टपटप टपटप. हातात नुसता देठ, खराट्यासारखा!

दुसरं खोकं. तेच. तिसरं. तेच.

शीतगृहाचा माणूस म्हणाला, "बाई, उतरवताना आपटलं असेल." असेल. तोडायलाही उशीर झाला असेल. आणखी एक वर्ष देऊ हिला. घाई कशाला?

२६ डिसेंबर

वर्ष झालं. लेक दोन दिवस येऊन गेली. आल्या आल्या — "बाबांचं द्राक्ष कधी येतंय बाजारात?" मी म्हटलं, बघू. गळतीचं सांगितलं नाही.

२८ ऑगस्ट

या वेळी सगळं स्वतः केलं. थोडी आधी तोडणी, थोडी नंतर, थोडी अगदी पिकल्यावर. प्रत्येक खोक्यात मऊ कागद. गाडीत शेजारी बसून गेले शीतगृहापर्यंत. गाडीवाला म्हणाला, "बाई, अंडी आहेत की काय?"

१४ ऑक्टोबर

गळले. आधीचे, नंतरचे, सगळे.

खोली थंडगार, आणि खोक्यात ते हिरवे मणी मोकळे पडलेले. एक उचलून खाल्ला. चव तश्शीच! तीच साल, तोच आवाज. एवढं चांगलं फळ, आणि देठाला धरून राहता येत नाही त्याला.

१५ ऑक्टोबर

डबा उघडला. लाल रंग वरून वाळून घट्ट झाला होता. काडीने साय फोडली. खाली ओला होता.

पुन्हा बंद केला.

३ नोव्हेंबर

संचालकांनी खोलीचं दार लावून घेतलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "आसपासच्या बाजारात विकली जाईल की. अहवालात गळतीचं एक वाक्य टाका, बारीकसं. समिती तुमच्या शब्दाबाहेर नाही. लोकांच्या भावना आहेत हो सरांबद्दल."

"आणि लावणारा लांब पाठवायला गेला तर?"

"ते त्याचं तो बघेल."

मग संचालकच म्हणाले, "निदान पुढच्या संकरासाठी तरी ठेवा."

ही गळती पोरांतही उतरते, हे त्यांनाही माहीत आहे. त्यांनीच मान खाली घातली.

४ नोव्हेंबर

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं तिने. मग — "पण नाव तर राहील ना आई? थोडी गळाली म्हणून काय झालं?"

"त्याच्याच नावाला शिव्या बसतील गं. ज्याची बाग बुडेल तो नाव घेऊन शिव्या देईल."

"तुला कसं माहीत बाबांना काय हवं होतं? खाल्लं होतं ना त्यांनी? आवडलं होतं ना?"

आवडलं होतं. हो.

११ डिसेंबर

समितीपुढे उभी राहिले. सगळे ओळखीचे चेहरे. भिंतीवर त्याचा फोटो — तो नेमका आजच कोणी लावला, देव जाणे. मी म्हटलं, ही जात शेतकऱ्याला देण्याच्या लायकीची नाही. वेल काढून टाकावी. आवाज कापला नाही. स्वतःचंच नवल वाटलं.

बाहेर आल्यावर एक जुने सहकारी म्हणाले, "बाई, दगडाचं काळीज आहे तुमचं." कौतुक होतं की काय, कळलं नाही.

संध्याकाळी लेकीला कळवलं. ती म्हणाली, "तू बाबांना दुसऱ्यांदा घालवलंस." आणि फोन ठेवला.

१६ जानेवारी

आज काढली.

नाकारलेली वेल मुळासकट उपटायची आणि तिथेच जाळायची, काडीदेखील बाहेर जाऊ द्यायची नाही, असा नियम आहे. त्यानेच केलेला. छाटणीवाले काका म्हणाले, "तुम्ही जा, मी उरकतो." मी म्हटलं, नाही, करवत द्या इकडे.

लेक आली होती! न सांगता. बांधावर उभी, तोच कोट अंगात, बाह्या तशाच लोंबत्या. माझ्याशी एक अक्षर नाही. मी फांद्या कापत गेले, काका त्या ओढत गेले. थोड्या वेळाने ती पुढे आली, खाली बसली आणि पडलेल्या काड्या गोळा करून ढिगावर टाकायला लागली.

खोड मनगटाएवढं झालं होतं. कापताना आतून ओलसर, फिकट हिरवं. हात थांबला माझा. काकांनी करवत घेतली नाही, नुसते बाजूला उभे राहिले. मग मीच पुरं केलं.

धूर खूप झाला. ओलं लाकूड. सगळ्यांचेच डोळे लाल — बरं झालं, कोणाचं कशाने, ते कळायला नको.

लेकीला म्हटलं, "घरी चल, दोन घास खा." "गाडी आहे," म्हणाली. गेली.

१७ जानेवारी

अंगाला धुराचा वास. दोनदा आंघोळ केली.

८ फेब्रुवारी

फोन नाही. मी केला तर उचलत नाही. "कामात आहे" असा निरोप येतो.

आज दिवसभर एकच विचार. मी जे केलं ते त्याच्याकडून शिकले, म्हणून केलं. त्याने डोळ्याची पापणी न हलवता पट्टा ओढला असता, याची मला खात्री होती. पण आज त्याची रिकामी खुर्ची पुसताना वाटलं — तो मणी खाल्ल्यावर त्याने काहीतरी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. रागावून सांगितलं. आणि मला ते कळलं नाही. जन्मभर "काढ, काढ" म्हणणारा माणूस त्या एका वेळेला "हिला राहू दे" म्हणत असेल तर?

कोणाला विचारू?

२ मार्च

शेवटच्या ओळीत खड्डा भरला. माती दाबली. नवं रोप लावायचं होतं. काकांना म्हटलं, इथे पुढच्या वर्षी लावू.

माझं "एक वर्ष देऊ" काही सुटत नाही. आता खड्ड्यालाही!

२९ मार्च

लेकीचा फोन! कशी आहेस नाही, काही नाही. घाबरलेला आवाज — "आई, डोळा सुजलाय गं. चांगलाच फुगलाय. आणि आतून पांढरं, कापसासारखं काहीतरी बाहेर येतंय."

"अगं, मग मला काय फोन करतेस! चोळू नकोस. आधी डॉक्टरकडे जा!"

पलीकडे ती हसली. मग रडायलाच लागली.

"माझा नाही गं आई. खिडकीच्या काडीचा. कोटाच्या बाहीतून चार आणल्या होत्या, कुंडीत लावल्या. तीन वाळल्या... हिचा डोळा फुगलाय. असंच असतं का? की मेली ही पण?"

कोंब फुटताना असंच असतं, म्हटलं. हात लावू नकोस. मी येते.