गार्डाच्या डब्याचं दुसरं दार

८ एप्रिल
शेवटच्या डब्यात, म्हणजे माझ्या डब्यात, आजही घागरी. बाया परळीला नळावर भरतात, गावच्या हॉल्टला उतरवतात. गावातले आड कोरडे, आमची पॅसेंजर हाच त्यांचा पाणवठा. इन्स्पेक्टरनं सांडलेलं पाणी पाहिलं नि सगळ्यांसमोर झापलं. घागरी बंद म्हणे. पाणी काय खिशातून न्यायचं?

९ एप्रिल
घागरवाल्या बायांतल्या सुभद्राबाईला तोड सुचवली. गावच्या दूध सोसायटीचे कॅन सकाळी परळीला दूध नेतात, संध्याकाळी माझ्याच डब्यातून रिकामे परततात. पावती सोसायटीची. त्यातच भरा, झाकण लावा, कोण विचारतंय? "लई डोकं हाय तुमाला, गार्डसायेब." दिवसभर खुशीत होतो.

१३ एप्रिल
डोकं कसलं. हॉल्टला सोसायटीच्या चेअरमनची बैलगाडी हजर. त्याचा माणूस मलाच म्हणतो, "कॅन सोसायटीचे, पावती सोसायटीची, मंग पाणी कुणाचं?" सगळे कॅन चेअरमनच्या मोसंबीच्या बागेला गेले. बायांनी उन्हात रांग लावून भरलेलं पाणी. सुभद्राबाई भांडली नाही. "तुमीच सांगितलं व्हतं," एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी ओली बाळंतीण सून आहे तिच्या.

१४ एप्रिल
चेअरमनकडे गेलो. "बाग वाळली तर पुन्हा उभी राहत न्हाई. बायांना टँकर येईल की." कधी? "येईल की." चहा पुढे केला. तसाच ठेवून उठलो.

१६ एप्रिल
फलाटाकडचं दार उघडलंच नाही. आतून कडी. बाहेर चेअरमनचा माणूस दार बडवतोय, "उघड बे!" पलीकडचं, रुळांच्या खडीकडचं दार उघडलं. बाया तिथे खाली उभ्या, परळीलाच सांगून ठेवलं होतं. त्या बाजूचं दार कधी उघडायचं नाही, हे नव्या गार्डांना मीच शिकवतो. ड्रायव्हर शिट्ट्या मारत होता. शेवटचा कॅन उतरेपर्यंत हिरवी झेंडी दाखवली नाही. सुभद्राबाईनं वर पाहिलंसुद्धा नाही, कॅन उचलून चालू लागली.

१७ एप्रिल
निरोप आला. उद्या ड्यूटी नाही, ऑफिसात हजर व्हा. चेअरमनचा हात कुठवर पोचतो ते कळलं. पोचू दे. गाडीवर नवा पोरगेला गार्ड, नुकतं लग्न झालेला. डब्याची किल्ली न्यायला आला होता. त्याला दुसऱ्या दाराचं सांगावं की नाही, ठरेना. दिली किल्ली, नुसतीच.
बाया उद्याही खडीच्याच बाजूला उभ्या राहतील. मीच सांगून आलोय.