राजनंदिनीच्या नावावर

३ फेब्रुवारी, सोमवार

कोरा दिला. चाळीस मार्कांचा पेपर आणि वर फक्त रोल नंबर!

पहिला प्रश्न येत होता. आत्ता इथे लिहून दाखवीन हवं तर. पण पेपर हातात आला आणि छातीत धडधडायला लागलं, हात गार. अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती. एम.एस्सी.ला आल्यापासून ही तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळा निदान काहीतरी खरडलं होतं.

सौमित्र सरांनी वर्ग सुटल्यावर थांबवलं. मला वाटलं आता बोलणार. बोलले नाहीत. जुन्या लायब्ररीच्या वर समुपदेशनाची खोली आहे, मंगळवारी चार वाजता मॅडम असतात, एकदा भेटून ये म्हणाले. मी हो सर म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हणजे सरांना मी वेडी वाटते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेले होते. जिन्यावरूनच परत आले.

वर खोलीबाहेर टेबल टाकून कोण बसलेलं असावं? भाऊसोमामा! आमच्या गावचे. इथे शिपाई आहेत हे माहीत होतं, पण ऑफिसात असतात ना? त्यांची बायको आमच्या आईबरोबर बचत गटात. मी त्या दारातून आत गेले असते तर बाहेर यायच्या आधी बातमी आटपाडी ओलांडून आमच्या उंबऱ्यात!

खोलीवर आले. राजनंदिनीला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिने बाम चोळून दिला. ही माझी रूममेट, मलकापूरची, एम.कॉम.ला. हसायला लागली की शेजारच्या खोलीतल्या मुली भिंतीवर हात आपटतात. हिला कधी काही होत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आप्पांचा फोन. आई गावी, ते कोइमतूरला, सोनं गाळायच्या दुकानात. रविवारीच फोन करतात. पेपर कसा गेला? झकास, म्हटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गेले! आत गेले, तासभर बसले, जिवंत आहे.

पण एक करून बसलेय. आधी ते लिहिते.

भाऊसोमामा चहाला गेले होते. टेबलावर वही उघडी, दोऱ्याला बांधलेलं पेन. नाव, वर्ग, सही. ‘क्रांती’ लिहायला पेन टेकवलं आणि जिन्यावर पावलं वाजली. हाताने आपोआप लिहिलं— राजनंदिनी थोरात, एम.कॉम. भाग दोन. सहीसुद्धा ठोकली. पावलं दुसऱ्याच कुणाची होती.

मॅडमचं नाव अनसूया. पन्नाशीच्या असतील. सुती साडी, टेबलावर स्टीलचा डबा. मला वाटलं होतं पेन घेऊन प्रश्नांची फैर झाडतील. पहिलं काय विचारलं, तर जेवलीस का! मी म्हटलं नाही. डब्यातला लाडू पुढे केला. लाडू हातात धरूनच मी बोलायला लागले आणि थांबेना.

फ्लेक्सचं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बी.एस्सी.ला विद्यापीठात तिसरी आले तेव्हा गावात स्टँडवर माझा फ्लेक्स लागला— हात जोडलेला फोटो, खाली अठरा शुभेच्छुकांची डोकी. पेपर हातात आला की ती अठरा डोकी माझ्याकडे बघायला लागतात. मॅडम हसल्या नाहीत. त्यातलं सगळ्यात जास्त कोण बघतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आप्पा. आप्पा तर फ्लेक्सवर नव्हतेच. ते कोइमतूरला होते. मग मी रडले ते चांगली दहा मिनिटं.

सगळं खरं बोलले. नाव तेवढं खोटं. “राजनंदिनी, सावकाश,” मॅडम म्हणायच्या आणि मला वाटायचं, कुणाला म्हणतायत? पण खरं सांगू, त्या नावाने बोलणं सोपं गेलं.

निघताना म्हणाल्या, इथलं इथेच राहतं. हो, पण वही बाहेर आहे ना मॅडम!

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन भाकरी खाल्ल्या. मेसच्या मावशींनी वळून बघितलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

राजनंदिनीचं ठरत आलंय! स्थळ साताऱ्याकडचं, मुलगा शंभूराज, सैन्यात कॅप्टन. तिचे वडील सुभेदार होऊन निवृत्त झालेले, त्यांना तर आभाळ ठेंगणं झालंय. तेवीसला सुपारी फोडायची. दिवसभर अख्ख्या हॉस्टेलला फोटो दाखवत फिरत होती. उंच आहे, नाक सरळ आहे. मी म्हटलं, छान आहे गं. ती म्हणाली, आहेच.

वहीतल्या नावाचं आज सांगणार होते. म्हटलं आजच कशाला तिचा आनंद नासवावा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वाट लागली.

आज भाऊसोमामा टेबलावरच होते. मला बघून उठलेच. “काय गं क्रांते, तू हितं कशी?”

मी काय बोलले ते लिहायचीही लाज वाटते. म्हटलं, मैत्रिणीसाठी आलेय, तिची पुढची वेळ विचारायला. त्यांनी वही ओढली, बोट फिरवलं. “व्हय व्हय, ही राजनंदिनी. थोराताची. चांगल्या घरची पोर, काय झालं गं तिला?” मी म्हटलं, काही नाही, टेन्शन. आणि पळाले. मॅडमना भेटलेच नाही.

वहीत लिहिलं ती घाबरून झालेली चूक होती. आजचं तसं नाही. आज तोंडाने बोलले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. दिवसभर ढोल. बरं झालं, कुणाशी बोलावं लागलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुलाकडचे म्हणतायत, जरा थांबू.

मुलाचे मामा काल सुट्टीचे सांगलीत आलेले. मुलीची चौकशी करायची म्हणून कॉलेजातलं कोण भेटतं ते बघत फिरले. कॉलेजबाहेर चहाच्या गाड्यावर कुणीतरी त्यांना सांगितलं— पोरगी चांगली हाय, पण डोक्याच्या मॅडमकडं जाती, वहीत नाव हाय तिचं. कुणी ते मला विचारायची गरज नाही. भाऊसोमामांच्या मनात वाईट नसणार. त्यांना वाटलं असेल, आपण खरं तेच सांगतोय.

राजनंदिनीच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. ती नुसती ऐकत होती. फोन ठेवला आणि म्हणाली, मी ती खोली बघितलीसुद्धा नाही गं! मग रडली. शनिवारी वडील येतायत. शिक्षण बास, घरी चल म्हणतायत. परीक्षा महिन्यावर आलीय तिची.

वर मलाच म्हणते, क्रांते, तू जरा बघ ना, कोण बोललं असेल ते. मी म्हटलं, बघते. बघते!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोनदा तिच्यासमोर बसले. दोनदा उठले. सांगितलं तर माझं घरी कळणार, आप्पांना कळणार. नाही सांगितलं तर उद्या तिची बॅग भरणार. एवढं साधं आहे आणि तरी तोंड उघडत नाही. जेवण जात नाही. 

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

खाली भेटायच्या खोलीत तिचे वडील बसले होते, पाठ ताठ, हातात गाडीची किल्ली. राजनंदिनी भिंतीला टेकून. ते आवाज न चढवता बोलत होते, त्याचीच जास्त भीती वाटली. “बॅग भर. शिकलीस तेवढं लय झालं.” ती म्हणत होती, दादा, मी नाहीच गेले तिथं. ते म्हणाले, मग वहीत नाव काय भुतानं लिवलं?

मी दारात उभी होते. म्हटलं, मी लिहिलं. छातीत तेच सगळं सुरू झालं, धडधड, गार हात, सगळं. पण वाक्य पुरं केलं. तिथं मी जाते, पेपर हातात आला की मला वाचता येत नाही म्हणून. शिपाई आमच्या गावचे आहेत म्हणून माझं नाव लपवलं आणि हिचं लिहिलं.

राजनंदिनी माझ्याकडे बघत राहिली. 

दादांनी बराच वेळ किल्ली बोटात फिरवली. मग विचारलं, “नावं काय कमी हायती व्हय? हिचंच का लिवलंस?”

 म्हटलं, “मला हिच्यासारखं व्हायचं होतं. हिला कशाची भीती वाटत नाही.”

ते उठले. मला वाटलं मारतात. व्हरांड्यात गेले, मुलाच्या मामांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. आता सांग, नाव-गाव सगट. सांगितलं. माझं नाव, आप्पांचं नाव, गाव, तालुका, वर्ग. पलीकडून मामा म्हणाले, बरं झालं बाई बोललीस. फोन परत देताना दादा एवढंच म्हणाले, की पलटणीत असतीस तर तुला आधी शिक्षा केली असती आणि मग शाबासकी दिली असती.

बॅग भरली नाही. दोन दिवसांसाठी तिला घरी घेऊन गेले. तिने जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच आईचा फोन. दादांनी जाता जाता भाऊसोमामांना झापलं असणार; त्यांच्या बायकोकडून तिला कळलं. सगळं सांगितलं तिला, कोरा पेपर पण. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्या बाईशी बोलून बरं वाटतंया का तुला?” मी व्हय म्हटलं. “मग जा की. लोकांचं मी बघती.”

आप्पांचा फोन आला नाही. रविवार असून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

राजनंदिनी आली. सुपारी येत्या रविवारी, दोन मार्चला ठरली. बातमी तिने नाही, शेजारच्या खोलीतल्या अपूर्वाने सांगितली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. निदान मोडलेलं जोडलं गेलं. माझ्याशी ती बोलली नाही तरी चालेल. नाही, चालत नाही, पण भोगीन.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चार वाजता गेले, माझ्या नावाने. भाऊसोमामांनी मान खाली घालूनच वही सरकवली. आत कुणीतरी हाय, थांब म्हणाले. वहीत माझ्या वरच्या ओळीत राजनंदिनी थोरात. पण अक्षर माझं नाही. तिचं.

पाचला दार उघडलं. राजनंदिनी बाहेर आली, डोळे सुजलेले. माझ्याशेजारी बाकावर बसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

“ते थांबू म्हणाले ना गुरुवारी, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, क्रांते. कॉलेज सोडायच्या भीतीनं रडत होते, पण स्थळ गेलं म्हणून नाही. वाटलं, सुटले. तू परत जोडून दिलंस.”

सुपारी रविवारी. मध्ये चारच दिवस.