आईंच्या मशीनचा वाकडा पाय

प्रिय आई,

'प्रिय' लिहिताना जरा अडखळलेच. सासूला असं कोण लिहितं? तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय गं वसुधा, बरी आहेस ना?" बरी आहे. पण परवा दुपारी तुमचं शिलाई मशीन उघडलं, आणि जे कळलं ते तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडेना.

आधी आनंदाची बातमी. आपल्या मुक्ताला मुलगी झाली! तुम्ही पणजी झालात, आई. जावई वाघोलीहून दोघींना आपल्या हडपसरच्या घरी सोडून गेलेत. बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय. म्हणजे मोठं आहे. मुक्ताला अजून सांगितलेलं नाही.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मुक्तानं विचारलं, "आई, आजीची ती साडी कुठाय?" तुम्ही राखून ठेवलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली, जांभळ्या काठांची. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागायला हवं, घरातल्या म्हाताऱ्या माणसानं नेसलेलं. "मुक्ताच्या बाळाचं झबलं याच साडीचं आणि याच मशीनवर," असं तुम्ही बजावून ठेवलं होतंत. बाळ जन्मायच्या आधी काही शिवायचं नाही, हाही नियम तुमचाच. म्हणजे बारशापर्यंतचे काय ते दिवस हातात, आणि मशीनचं चाक जागचं हलेना!

"अहो, निदान बघा तरी," मी तुमच्या चिरंजीवांना म्हटलं.

"ऑनलाइन मागव. उद्या दारात येतं झबलं," ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले.

कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, पण तुम्ही गेल्यापासून या मशीनला त्यांनी बोट लावलेलं नाही. शेवटी मीच रिक्षा करून बाजारातल्या मशीनच्या दुकानात विचारून आले. दुकानदार म्हणाला, "काकू, वरचं काढून टाका आणि खालच्या सांगाड्यावर काच बसवा. हॉटेलवाले टेबल म्हणून नेतात हल्ली." घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. पेपर खाली आला. "टेबल? आईच्या मशीनचं टेबल?" असं पुटपुटत ते स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठले.

आई, तुम्ही आम्हाला कधी हात लावू दिलात का हो त्या मशीनला? लग्न होऊन आले तेव्हा मी शिवणाचा क्लास पुरा केलेली मुलगी होते. हौसेनं एक पडदा शिवायला बसले, तर तुम्ही मागून येऊन चाकावरच हात ठेवलात. "राहू दे. टायमिंग बिघडेल." फार लागलं होतं मला ते. पुढे पुढे तर तुम्ही आणखीच कडक झालात, अगदी धूळसुद्धा पुसू द्यायचा नाहीत. मी म्हणायचे, वयानं माणूस हेकट होतं.

असो. सुईखालची पट्टी उघडली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. कापड पुढे सरकवणारे दाते असतात ना, त्यांत अक्षता! वर हळदीकुंकवाचा जाड थर, तेलात कालवून वाळलेला. दर खंडेनवमीला मी तुमच्यासारखीच मशीनची साग्रसंगीत पूजा करत आले. आणि वर्षभर पुन्हा कव्हर!

"आईनं जन्मभरात वाहिलं नसेल तेवढं कुंकू तू वाहिलंयस," हे म्हणाले.

अहो आई, पूजा करताना मी तुम्हाला बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन सगळं झाडायचं असतं, हे कुणी सांगायचं होतं मला?

दाते साफ झाले, तेल पडलं, चाक फिरलं. तो आवाज आला. हे चष्मा काढून पुसत म्हणाले, "आई बसलीय असं वाटलं गं." मला तर रडूच आलं. तुमची किती आठवण येते आम्हाला, हे एकमेकांना कधी बोललोच नव्हतो.

मग मी नवी सुई लावली, कापडाचा तुकडा घातला आणि चाक फिरवलं. कट्! सुईचे दोन तुकडे. कापड दाबून धरतो तो पाय चक्क डावीकडे वळलेला होता, आणि सुई त्याच्या कडेवर आपटत होती. तुम्ही अगदी बारीक सुई लावायचात, ती कशीबशी सुटत असणार. माझी जाड होती.

"हा आपोआप नाही वळलेला. वळवून पक्का आवळलाय," हे टॉर्च धरून म्हणाले. पायाला अगदी खेटून, खालच्या पट्टीवर काडेपेटीतली एक काडी लांबीला चिकटवलेली होती. मला तो कचरा वाटला. मी नखानं काढायला गेले तर यांनी माझा हात धरला. त्यांनी डोळे मिटले, कापडाची कड बोटानं त्या काडीला टेकवली आणि सरकवत नेली. टीप सरळ जायला डोळे लागतच नव्हते. काडी सुईजवळ यावी म्हणून तुम्ही पायच वळवून घेतला होतात.

"वसुधा, आईला दिसत नव्हतं."

मी म्हटलं, काहीतरीच काय! पण आतून बाळाला थोपटत मुक्ता म्हणाली, "मला शाळेतून आल्यावर आधी मशीनचा दोरा ओवायला लावायची आजी. गोळी द्यायची आणि म्हणायची, बाबांना नको सांगूस."

आई, का हो असं केलंत? यांनी कितीदा विचारलं असेल, "आई, दिसतंय ना नीट?" आणि तुम्ही फटकन म्हणायचात, "दिसतंय की! म्हातारी समजतोस का मला?" मोतीबिंदूच असेल तो. सकाळी दवाखान्यात गेलो असतो तर संध्याकाळी घरी आलो असतो. आम्ही शिवण बंद करू अशी भीती वाटली का? केलं असतं आम्ही बंद, खोटं कशाला बोलू? तरी एका शब्दानं सांगायचं होतंत. बोटांनी चाचपत तुम्ही आमच्या उशांचे अभ्रे शिवत होतात, आणि मी तुम्हाला हेकट म्हणत होते.

हे स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून नुसतेच बसले होते. "सरळ केला तर आईची खूण जाईल."

"आणि नाही केला तर झबलं राहील. करा सरळ," मी म्हटलं.

काडी निघताना मोडली. दोन्ही तुकडे त्यांनी शर्टाच्या खिशात टाकले. मग चाक हातानं हळूहळू फिरवत सुई खाली आणली, ती पट्टीच्या भोकात बरोबर मधोमध उतरतेय हे पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि पाय सरळ करून आवळला. तुमच्या जागेवरून उठून मला म्हणाले, "बस."

मी बसले, आई. इतक्या वर्षांनी. दोरा ओठांत ओला केला, सुईशी नेला. चुकला. पुन्हा नेला. खिडकीकडे वाकून पाहिलं. सुईचं भोक काही सापडेना. खरं सांगू? गेलं वर्षभर मला तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत. कुणाला बोलले नव्हते.

"दिसतंय ना?" यांनी विचारलं.

"दिसतंय की!" अगदी ओठांवर आलं होतं. तुमच्यासारखंच, फटकन.

"नाही हो," मी म्हटलं. "नाही दिसत. तुम्ही ओवा."

त्यांनी दोरा ओवला आणि झबलं पुरं होईपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. काल बारशाला बाळानं तेच घातलं होतं. गळ्याची टीप थोडी वाकडी गेलीय, पण चालेल. तुमच्या साडीत ती शांत झोपली होती.

सोमवारी डोळे दाखवायला जातेय. डॉक्टर जे सांगतील ते घरी येऊन सगळ्यांसमोर सांगेन, मोठ्यानं. माझ्या नातीला माझं काही लपवायला लागणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द.

तुमच्या जागेवर बसलेली,
वसुधा