विहीणबाई, तुम्ही मला ओलांडून गेलात ते बरं झालं

प्रिय विहीणबाई,

तुम्ही म्हणाल, मी होते तोवर हिनं एक ओळ लिहिली नाही, आणि आता कसलं पत्र? बरोबर आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातली निम्मी म्हशींमागं गेली. आणि तुम्ही तर पहिल्या घंटीला फोन उचलायच्या, मग लिहायची वेळ येणार कधी? पण उद्या घरात मोठी गोष्ट आहे, ती तुम्हांला आजच कळायला पाहिजे.

आपली ईशू पहिलीत गेली. पुढचे दोन दात पडलेत, पण बडबड काडीची कमी झाली नाही. ही कुणावर गेली, यावरून आपलं चांगलं तासभर भांडण झालं असतं. उद्या तिच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस आहे. आम्हां सगळ्या म्हाताऱ्यांना बोलावलंय, आणि ईशू माईकवर बोलणार आहे. विषय तिनंच निवडला. ‘माझी शूर आजी.’

आता आली ना लक्षात माझी पंचाईत?

शूर आजी म्हणजे मी, असं इथं सगळं थेरगाव समजतं. खरं काय ते तुम्हांला ठाऊक, मला ठाऊक, आणि तुमच्या शीतलला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून शीतल तुमच्याकडं कोकणात होती. लॉकडाऊन चालू होतं, तरी माझ्या संतोषनं पास काढून मला तुमच्या दारात सोडलं. बारशाला सासरचं कुणी नको का? तुम्ही मला उकडीचे मोदक घातलेत, आणि वर म्हणालात, “खावा, घाटावर कुठं मिळतात?” मी पण म्हटलं, “मिळतात, पण इतके गोड न्हाई करीत आम्ही.” तीन खाल्ले, ते सोडा.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी भोंग्याची रिक्षा आळीतून फिरली. समुद्रावरून चक्रीवादळ येतंय, दुपारपर्यंत धडकेल, खालच्या आळीतल्या सगळ्यांनी वरच्या शाळेत जा. तुम्ही लगेच शीतलच्या बाजेखालच्या शेगडीवर पाणी ओतलंत. मी म्हटलं, “काय करताय? अकरा दिवसांची बाळंतीण हाय. सव्वा महिना व्हायच्या आत उंबरा ओलांडायचा न्हाई. वारं लागलं तर जल्माचं दुखणं.”

विहीणबाई, मी काय नवीन सांगत होते का? अकरा दिवस शीतलच्या कानात कापूस तुम्हीच घालत होता. खिडकीच्या फटींत चिंध्या तुम्ही कोंबल्या, खोलीच्या दारावर गोधडी तुम्ही टांगली. मी पंख्याच्या बटणाला हात लावला तेव्हा केवढ्या खेकसला होतात माझ्यावर. आणि त्या दिवशी तुम्हीच सगळं मोडायला निघालात. मला वाटलं, ही बाई घाबरलीय, आता पोरीचं आपल्यालाच बघायला पाहिजे. देवाशपथ, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

म्हणून मी खोलीच्या उंबऱ्यात आडवी बसले.

तुम्ही म्हणालात, “उंबऱ्यात बसू नये म्हणतात, तेवढं तरी पाळा.”

“मी उठायची न्हाई.”

“विहीणबाई, वारं लागलं तर मी शेकून काढीन. घर पडलं तर काय शेकू?”

मी आणखी घट्ट बसले. शीतल बाजेवर रडायला लागली. तिला कळेना, आईचं ऐकू का सासूचं. तेवढ्यात तुम्ही हापूसची रिकामी पेटी ओढलीत, तिच्यात जुनं लुगडं घातलंत, लुगड्यात ईशूला ठेवलंत आणि वरून प्लॅस्टिक. मग पदर खोचून तुम्ही चक्क मला ओलांडून गेलात. आजवर मला कुणी ओलांडलं नव्हतं, माझ्या सासूनं सुद्धा नाही. मागं वळून म्हणालात, “शीतल, चल गो. त्या बसल्यात तर बसू देत.”

शीतल गेली. भिंतीला धरून, पोटावर हात दाबून, पण गेली. मग मी एकटी कशाला बसू? रुसून, दहा पावलं अंतर ठेवून, तुमच्या मागं चढ चढले. विहिणीनं रुसायचं असतंच, पण अशा पावसात कुणी रुसलं नसेल.

शाळेत आपण दाटीवाटीनं बसलो होतो, तोंडाला फडकी बांधून. दुपारी वारं सुरू झालं तेव्हा जमीन हादरायला लागली, संतोषच्या कंपनीत प्रेसचं मशिन चालतं तशी. खिडकीतून बघितलं तर कौलं वाळक्या पानांसारखी उडत होती. माड वाकून जमिनीला टेकत होते, काही उठत होते, काही उठत नव्हते. ईशू तेवढा वेळ पेटीत झोपलेली. तिच्या अंगाला आंब्याचा वास येत होता.

वादळ ओसरल्यावर खाली आलो. तुमचा परसातला फणस मुळासकट येऊन खोलीवर पडला होता. छप्पर गेलं, भिंत गेली, बाजेच्या मधोमध खोड. दाराची चौकट तेवढी उभी, आणि तिच्यावर आपली गोधडी.

तुम्ही बाजेकडं बघितलंत. मग माझ्याकडं. मी वाट बघत होते. एवढ्या-तेवढ्यावरून टोमणा मारणारी बाई, आता काय काय बोलेल? तुम्ही म्हणालात, “चला, चहाचं बघू. लाकडं भिजली असतील.”

तुम्ही तेव्हाच दोन शब्द सुनावले असतेत तर पुढचं झालं नसतं. का नाही सुनावलेत?

चार दिवसांनी संतोष गाडी घेऊन आला, शीतलला आणि ईशूला घेऊन, पडलेली झाडं चुकवत आम्ही थेरगावला पोचलो. बिल्डिंगच्या बाया गॅलरीतून विचारायला लागल्या, काय झालं, कसं झालं. आणि माझ्या तोंडातून गेलं, “मी म्हटलं, रीतभात गेली चुलीत, आधी पोरीला बाहेर काढा.” कसं गेलं, मला आजही कळत नाही. शीतल शेजारी उभी होती. तिनं मान खाली घातली. ती सून, काय बोलणार?

पहिल्या वाढदिवसाला माझ्या दिरानं सगळ्यांसमोर तीच गोष्ट सांगितली. तुम्ही समोर बसला होता. कुणीतरी तुम्हांला विचारलं, “खरं का हो?” तुम्ही म्हणालात, “तर काय. त्या होत्या म्हणून.”

हातातला घास मी परत ताटात ठेवला. त्यानंतर दर फोनला ठरवायची, आज बोलते. मग तुम्ही विचारायच्या, ईशू जेवली का, आणि राहून जायचं. गेल्या श्रावणात तुम्हांला तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. दहाव्याला आले, तेव्हाही नुसती रडले.

काल ईशू सोफ्यावर उभी राहून पाठ करत होती. “माझ्या थेरगावच्या आजीने मला आंब्याच्या पेटीत घातले...” मी म्हटलं, “थांब. खाली बस.” आणि सगळं सांगितलं. भीती वाटत होती, विहीणबाई. या वयात पोरीच्या नजरेतून उतरायचं म्हणजे सोपं आहे का?

ती म्हणाली, “म्हणजे तू दारात बसलीस?”

“व्हय.”

“आणि कोकणातली आजी तुझ्यावरून गेली?”

“व्हय.”

“उडी मारून?”

“उडी न्हाई. टांग टाकून.”

ती जी हसायला लागली, की सोफ्यावरून खाली. मग अगदी शाळेतल्या बाईंसारखी म्हणाली, “आजी, तू चुकलीस. पण तू मुद्दाम नाही केलंस.” आणि पुन्हा वर चढून नव्यानं पाठ करायला लागली.

शीतलनं गॅस बंद केला, बाहेर आली, माझ्याजवळ बसली. “अहो आई, सहा वर्षं मी वाट बघत होते,” म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग कितीतरी वेळ ती तुमच्याबद्दलच बोलत होती. वर्षभरात पहिल्यांदा न रडता बोलली.

ईशूच्या भाषणात आता तुम्ही आहात, ‘सुलोचना आजी’ म्हणून. उंबऱ्यात बसलेली आजी पण आहे, ती काढायला पोरगी तयार नाही. असू दे.

पण ईशूनं सांगितलं म्हणजे माझं काम झालं असं नाही. पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. शब्द देते, त्या दिवशी तुमच्या ओटीवर, पानं वाढायच्या आधी, आळीतल्या सगळ्यांसमोर मी स्वतः उभी राहून सांगेन, पोरीला कुणी वाचवलं आणि वाट कुणी अडवली होती. तुमचे भाऊबंद हसतील. हसू देत, मी सांगून झाल्याशिवाय खाली बसणार नाही.

तुमची रुसकी विहीण,
हौसाबाई
थेरगाव