टोपी वर, आपण खाली

घोरावाडी, मंगळवार

प्रिय निजाम,

तुला सलाम, ताजुन्निसावहिनींना नमस्कार, आणि मळवलीत तू राखतोस त्या बंगल्यातल्या कुत्र्याला माझ्याकडून काही नाही (शाळेपासूनचा तुझा मित्र मी, आणि तो अजून मला चोर समजतो). गुडघा कसा आहे? आमचं बरं चाललंय, म्हणजे कुरकुर चालू आहे.

काल तुझ्या रुमाईसाचा फोन आला. रविवारी पुण्यात तिचा दातांचा दवाखाना उघडतोय आणि अब्बा येत नाही म्हणतात, भाताची कामं आहेत म्हणे. पोर रडवेली झाली होती. अरे, तुमचा भात केव्हाच कापून झाला, लोकलच्या खिडकीतून मला दिसतो ना! खरं कारण मला ठाऊक आहे, दवाखान्याला मेट्रोने जावं लागतं. गेल्या महिन्यात मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर तू बसकण मारलीस, टोपी एकटीच वर गेली आणि लोक हसले. ते तुला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. (लिफ्ट आहे, पण ‘ती आजारी माणसांसाठी’ हे तुझंच वाक्य.)

म्हणून आज मी मुद्दाम तिथे गेलो आणि जिन्यासमोरच्या बाकावर सकाळभर बसून राहिलो. कोण हसतं ते बघायचंच होतं. निजाम, त्या पहिल्या पायरीशी सगळेच घाबरतात रे. फोनवर कुणाला तरी झापत आलेला साहेब पाऊल ठेवताना गप्प झाला, आणि वर निघाल्यावर पुन्हा झापू लागला. कॉलेजची पोरंसुद्धा क्षणभर खाली बघतात. आपल्याकडची एक मावशी पायरीला हात लावून नमस्कार करायला वाकली, तर पायरी हातासकट निघाली. "आवं, थांबंना की ही! पाया पडू तरी कशी?" म्हणून तिने सुनेकडे तक्रार केली. मग दोन व्याही आले. "आबा, तुमी व्हा म्होरं." "छ्या! आमी मुलीकडचे, आदी तुमी." मागे लोकल येऊन गेल्यासारखी गर्दी साचली. शेवटी दोघं शेजारच्या साध्या जिन्याकडे गेले, तर तिथेही पहिल्या पायरीशी तेच. हसले थोडे लोक, नाही असं नाही. पण ते आज आपण पडलो नाही म्हणून हसतात, असं मला वाटलं. तुझ्यावर हसलेले आता तुला ओळखणारही नाहीत. रुमाईसा मात्र दारातच उभी असणार.

वहिनींना सांग, रविवारी तुझा इस्त्रीचा सदरा काढून ठेवायला.

तुझा,
गंगाधर

ता.क. तुझी टोपी सापडली. वरच्या सुरक्षारक्षकाने जपून ठेवलीय. ज्याची त्यानेच न्यावी, असा नियम आहे म्हणे.

ता.क. पुन्हा. असा काही नियम नाही. मी टोपीचं विचारलं, खालच्या रक्षकाने वर हाक मारली तेव्हा वरच्याने ती हलवून दाखवली, आणि मी खालून नुसता हात हलवला. पहिल्या पायरीशी जायचो, पाऊल उचलायचो आणि परत मागे ठेवायचो. म्हणूनच सकाळभर बाकावर होतो. तेव्हा रविवारी तू ये, मला एकट्याला ते जमणार नाही. आणि तिथे ‘आधी तू, आधी तू’ नको. हात धरून दोघं एकदमच पाऊल टाकू. पडलोच तर या खेपेला तुझ्या शेजारी मी असेन.