भिंतीवरची जिवंत माणसं

१४ नोव्हेंबर १९९८

आज ह्यांनी हौसाला ओळखलं नाही. आम्ही रामवाडीत घर बांधलं तेव्हापासून ती खाडीकडून मासळीची टोपली घेऊन येते. ती दारात उभी, आणि हे विचारतात, "कोण पाहिजे आपल्याला?" ती हसली. मग माझं तोंड पाहून टोपली खाली ठेवली.

डॉक्टर म्हणतात, हा विसर वाढतच जाणार. माणसं दाखवत राहा, नावं सांगत राहा. ह्यांचा सगळा जन्म पोस्टात गेला. अख्ख्या पेणचे पत्ते पाठ! उद्या मलाही विचारतील—कोण पाहिजे? तो दिवस जितका लांबवता येईल तितका लांबवायचा.

ठरवलं. ओळखीच्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, मोठा करायचा, खाली नाव लिहून भिंतीवर लावायचा. शाळेत तक्ते लावायचे, तसेच. भाच्याने दिलेला कॅमेरा कपाटात पडून आहे. शिकेन. गणित घेऊन बी.ए. केलं, हे काय अवघड!

१६ नोव्हेंबर

अवघड आहे. पहिला रोल वाया. अर्ध्या फोटोंत माझंच बोट.

१९ नोव्हेंबर

पोपटच्या स्टुडिओत गेले. माझाच विद्यार्थी. त्रैराशिक कधी जमलं नाही, पण फोटो बरे काढतो. म्हणाला, "बाई, फ्लॅश नका मारू, माणसं दचकल्यासारखी दिसतात. खिडकीशी बसवा. उजेड एका गालावर येऊ दे." मी लिहून घेतलं. तो हसायला लागला—"आज तुम्ही लिहून घेताय!" म्हटलं, जास्त बोलू नकोस.

२४ नोव्हेंबर

हौसाला खिडकीशी बसवलं. हिरवं लुगडं, जावेची मागून आणलेली मोहनमाळ, केस पाणी लावून चापून बसवलेले. मी म्हटलं, "हलू नकोस. हसू नकोस. श्वास धर." तिने धरला तो सोडेचना! शेवटी मीच ओरडले, "अगं, सोड आता!"

दूधवाला गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला. काल रोह्याला जाऊन वन्संचाही काढला. ह्यांची ही एकच बहीण, चंद्रावती. नथ घालून बसल्या होत्या.

३ डिसेंबर

फोटो लागले. पोपटने सगळे काळ्या चौकटीत बसवून दिले—"बाई, शोभून दिसतात." दिसतात खरे. सरळ रांगेत, सासूबाई-मामंजींच्या शेजारी. खाली ठळक अक्षरांत नावं. हे फिरून फिरून बघत होते.

४ डिसेंबर

हे लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

सकाळी हे आंघोळ करून मागल्या दारी गेले. ओंजळभर तगरीची फुलं घेऊन आले. भिंतीपाशी गेले आणि प्रत्येक चौकटीवर एकेक फूल ठेवलं. हात जोडले. हौसाला, गुणाजीला—सगळ्यांना! वन्संच्या फोटोशी थांबले. "ताई कधी गेली? मला कोणीच कसं कळवलं नाही?"

मी म्हटलं, "अहो, वन्सं धडधाकट आहेत रोह्याला!" ऐकेनात. लहान मुलासारखे रडले.

आपल्याकडे घराच्या भिंतीवर चौकटीत कोण असतं? गेलेलीच माणसं. हे मला सुचू नये! पोपटलाही नाही! सगळं उतरवायला घेतलं.

तेवढ्यात हौसा आली. स्वतःच्या फोटोवरचं फूल बघितलं आणि कपाळाला हात लावून दारातच बसली. "अगो बाय माझे! मी मेली आन मनाच कोनी सांगला नाय!" मग जी हसत सुटली! डोळ्यांना पदर लावून हसत होती. "आता बोंबील कोन देल गो तुमाना? मेलेली बाय देल?"

कॅमेरा टेबलावर होता. उचलला आणि बटण दाबलं. हलू नकोस म्हणायचं राहूनच गेलं.

११ डिसेंबर

रोल धुऊन आला. हौसाचा तो फोटो म्हणजे अगदी टाकाऊ. डोकं अर्धं कापलेलं, हात हललेला, तोंड उघडं, पडलेल्या दाताची खिंड दिसतेय. बाजूला ठेवला. ह्यांनी उचलला. बघितलं आणि म्हणाले, "हौसा! निवटे आणलेस का गं?"

मी स्वयंपाकघरात गेले. पोळ्या करायच्या होत्या.

१२ डिसेंबर

चौकटीतला हौसाचा फोटो दाखवला. "ह्या कोण बाई? मोठ्या घरच्या दिसतात."

१५ डिसेंबर

पोपटला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, रागवू नका. तुम्ही वर्गात ‘हलू नका’ म्हणालात की आम्ही दगड व्हायचो. आमच्या आईनेसुद्धा ओळखलं नसतं." मग शिकवलं—माणूस कामात असू दे. कॅमेरा आधीच धरून ठेवा. वाट बघा.

वाट बघणं! मला कधी जमलंय?

२७ डिसेंबर

एस.टी. स्टँडवर सराव केला. एक बाई खेकसली, "ओ, मी काय शिनेमातली हाय?" आजवर लोकांवर मी खेकसत आले. माफी मागून बाकावर बसले. घटकाभराने तिनेच शेंगदाणे पुढे केले.

६ जानेवारी १९९९

गुणाजी म्हशीला शिव्या देताना. हे लगेच म्हणाले, "गुणाजी. पाणी घालतो दुधात." बरोबर! दोन्ही बरोबर!

१० जानेवारी

पुन्हा रोहा. वन्सं नथ शोधायला उठल्या. म्हटलं, नथ नको, तुमचं काम चालू दे. मोड आलेले वाल सोलत बसल्या. बिरड्याचा बेत होता. मी गप्प बसून राहिले. जरा वेळाने त्या मला विसरल्या. एक वाल बोटातून निसटून उडाला, त्याच्याकडे रागाने बघितलं—तेव्हा काढला.

मग कॅमेरा ओढूनच घेतला माझ्याकडून! "दे इकडं, इंदू. सगळ्यांचा काढतेस, तुझा कोण काढणार?" मी बोट उगारून सांगतेय, "वन्सं, तो पट्टा गळ्यात घाला, पाडाल, ते बटण नाही, ते—" खट्!

१८ जानेवारी

वन्संचा फोटो बघून हे म्हणाले, "ताई. सोलून झालं की मला हाक मारेल." तो उशाशी घेऊन झोपले.

माझाही आला. बोट उगारलेलं, अंबाडा सुटलेला, भुवया चढलेल्या. अशी दिसते मी? दाखवला नाही. रूप चांगलं नाही म्हणून नव्हे. फोटो बघून हे "कोण ही?" म्हणाले तर—

२३ जानेवारी

सकाळी मला म्हणाले, "बाई, चहा मिळेल का?" परक्या घरी विचारतात, तसं.

आला तो दिवस. चहा दिला. बशीशेजारी माझा फोटो ठेवला. काही विचारलं नाही. ह्यांनी बराच वेळ बघितला, मग सदऱ्याच्या खिशात घातला.

२६ जानेवारी

दुपारी मी पानं घेत होते. ह्यांनी खिशातून फोटो काढून माझ्यापुढे धरला. "बाई, ही आमची मंडळी. रोह्याला गेलीय ताईकडे. बघा, कोणावर तरी ओरडतेय!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सगळी शाळा हिला घाबरायची. मी कधीच नाही. पण तिला बोलू नका हं. तिला वाटतं, मीही घाबरतो."

म्हटलं, नाही बोलणार.

"ती येईपर्यंत बसा ना जेवायला."

बसले.